चेअरमनचं अळणी ताट

पळसगुड्याच्या जयवंताबाईचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी ती औषधाच्या दुकानदाराला दाखवी आणि दुकानदाराने दिलेली गोळी डॉक्टरला. दूधवाला समोर उभा असतानाच दूध बोटावर घेऊन पाही. नवरात्रात देवीच्या मंडळाला वर्गणी देई, पण प्रसादाचे लाडू किती आणि कसे झाले ते स्वतः जाऊन बघून येई. गावातली माणसं तिला वचकून असत आणि तिच्या हातचं जेवायला रांग लावत.

कारण हात मात्र सोन्यासारखा. सव्वीस वर्षांपूर्वी तहसील कचेरीत कारकून असलेला नवरा गेला, तेव्हा तिने रस्त्याकडची खोली रिकामी केली आणि तिथे खाणावळ घातली. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतली एकटी माणसं, वीज खात्यातली पोरं, सगळी तिच्याच भाकरीवर मोठी झाली. लेक दामिनी याच खोलीच्या जोरावर शिकली आणि आता मावला गावच्या शाळेत शिकवते. ती म्हणते, "आई, आता पुरे कर, माझ्याकडे ये." जयवंताबाई म्हणते, "जावयाच्या घरी दोन दिवस पाहुणी, तिसऱ्या दिवशी मोलकरीण." विषय तिथेच संपतो.

या खाणावळीत एक गोष्ट कधी घडली नाही. 'मीठ बरोबर आहे का?' असं जयवंताबाईने सव्वीस वर्षांत एकालाही विचारलं नाही. विचारलं की माणूस तोंडदेखलं बोलतो, असं तिचं मत. स्वतःची बोटं खरी, बाकी सगळं जग थापाडं.

अशा बाईच्या घरावर श्रावणात लाल रेघ पडली.

नगरपालिकेचा ओव्हरसीअर व्यंकटेश दोन माणसं आणि रंगाचा डबा घेऊन आला. टेप लावली, आणि रस्त्यापासून साडेसहा फूट आत, म्हणजे ओटा ओलांडून थेट जेवणाच्या खोलीच्या मध्यावर, भिंतीला लाल रंगाची खूण केली. मोठी नाली जाणार होती. पावसाचं पाणी गावाबाहेरच्या ओढ्यात नेणारी.

"ही खूण खोलीत काऊन आली?" जयवंताबाईने विचारलं.

"प्लॅनमध्ये तसंच हाय, अम्मा," व्यंकटेश म्हणाला. "मी फक्त रंग मारून राह्यलो. बाकीचं चेअरमन सार पाह्यतात. ते येतील तुमच्याकडं जेवाले."

हे शेवटचं वाक्य ऐकून बाईने लाल खुणेकडे पुन्हा पाहिलं. कारण चेअरमन जेवायला येतो म्हणजे काय, हे पळसगुड्यात एव्हाना सगळ्यांना माहीत होतं.

चेअरमन म्हणजे सुधाकरराव. नगरपालिका होऊन फार वर्षं झाली नाहीत, त्यात हा दुसऱ्यांदा खुर्चीवर. वांकिडीकडच्या खेड्यातला. बाप बैलगाडीतून कापूस जिनिंगला पोचवायचा आणि तो गेल्यावर पोरगा मामाच्या घरी पळसगुड्याला वाढला. आधी सायकलचं दुकान, मग वॉर्डाचा मेंबर, मग चेअरमन. चेअरमन झाल्यावरही सकाळी सहाला तो पायी गावभर फिरे, कुठली नाली तुंबली ते काठी घालून बघे. कोरोनात सख्खी मुलं बापाला हात लावेनात, तेव्हा यानेच स्वतः खांदा दिला आणि सरणही रचलं. स्मशानात शेड बांधली, मुलींच्या शाळेला पाण्याची टाकी दिली, बाजारातल्या बायांसाठी संडास बांधले आणि त्याला कुलूप लागू दिलं नाही. कोणाकडून भेट म्हणून साधा नारळ घेत नसे. गाव म्हणे, देवमाणूस.

जयवंताबाई म्हणे, "देवाले तरी नैवेद्य लागतो. याले काही लागत नाई, म्हणजे हा घेतो कोठून ते आपल्याले दिसत नाई एवढंच."

गोगलगाय आणि पोटात पाय, हे तिचं त्याच्याबद्दलचं मत पक्कं होतं. फक्त तो पाय कुठे आहे, हे तिला सापडत नव्हतं. शेवटी तो सापडला त्याच्या ताटात.

सुधाकररावाची एक पद्धत होती. कोणाची भिंत, कोणाचा ओटा, कोणाचं शेड कामात जाणार असेल, तर नोटीस निघायच्या आधी तो त्या घरी जेवायला जाई. वाईट गोष्ट दारात उभ्याउभ्या सांगू नये, असं तो म्हणे. जेवताना कामाचा शब्द काढत नसे. हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून मग बोले. इथवर सगळं रीतीला धरून होतं. पण आदल्या दिवशी त्याचा निरोप येई, "चेअरमनच्या ताटात मीठ नको. अळणी करा."

लोक म्हणत, बीपी आहे बिचाऱ्याला.

जयवंताबाईने ते मान्य केलं असतं, जर टायरवाला अमरदीप तिच्याकडे जेवत नसता. त्याचं रस्त्यावरचं शेड गेल्या वर्षी गेलं. चेअरमन त्याच्याकडे जेवला आणि आठव्या दिवशी पत्रे खाली. तो एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "काकू, बीपी गिपी काही नाई त्याले. इचोड्याच्या ढाब्यावर मी डोळ्यानं पाह्यलं. मिरचीचं लोणचं चाटून खाल्लं, वर मीठ मागून घेतलं कांद्यावर. अन् आपल्या खिशातून पैसे देऊन उठला."

बाईचा वाढणारा हात तिथेच थांबला. ढाब्यावर मीठ चालतं आणि गावातल्या घरात चालत नाही. का?

रात्रभर तिला उत्तर सुचलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पीठ मळताना सुचलं. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरावर कुदळ उचलायची म्हणजे सात पिढ्यांचं पाप. आणि म्हणून हा लबाड मीठच खात नाही! लोकांच्या पंगतीला बसतो, पोटभर जेवतो, गोड बोलतो, आणि कोणाचं काही लागत नाही असा मोकळा उठतो. मग खुशाल पाडा भिंती. केवढं हे डोकं! जयवंताबाईला राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं, कारण हुशारी ओळखायला हुशारीच लागते असं ती मानत असे.

ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. मागच्या गल्लीतली कौशल्याबाई तिची पस्तीस वर्षांची मैत्रीण, रोज दुपारी कांदे चिरायला येणारी. तिलाही नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण विचारणं हा बाईचा स्वभावच नव्हता.

बुधवारी निरोप आला. उद्या दुपारी चेअरमन जेवायला येतील, अळणी करा.

"करते की," जयवंताबाई म्हणाली. "खाणावळीची बाई मी. जो जसं मागल तसं वाढीन."

गुरुवारी तिने गिऱ्हाइकांना सुट्टी दिली आणि अंबाडीची भाजी करायला घेतली. अंबाडीच का, तर तिच्या आंबटपणात मीठ लपतं. कण्या आणि डाळ घालून भाजी घोटली, वरून लसणाची फोडणी दिली आणि मीठ घातलं ते नेहमीच्या निम्मं, आंबटाच्या आड बसेल एवढं. वरण मात्र अगदी अळणी ठेवलं, म्हणजे जिभेला पहिली ओळख अळण्याची होईल. ज्वारीच्या भाकरीच्या आधणात चिमूटभर टाकलं. मीठ कळू न देता घालणं हे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या हातालाच जमतं. एवढी नेमकी भाजी तिने जन्मात केली नव्हती.

सुधाकरराव वेळेवर आला. साठीचा, वाळका, पांढऱ्या सदऱ्यात. चप्पल ओट्याखाली काढली, पायावर पाणी घेतलं. खोलीतल्या लाल खुणेकडे एकदा पाहिलं आणि सदऱ्याच्या खिशातला घडीचा कागद बोटांनी चाचपला. तो अर्धा बाहेर आला होता. त्याने परत आत ढकलला.

नोटीस, जयवंताबाईने मनात म्हटलं. आणलीच आहे गड्याने सोबत.

"बसा भाऊ. अळणीच केलंय सगळं."

"तुमाले त्रास," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

तिने आधी वरण वाढलं, मग भाकरी, मग भाजी. स्वतः समोर भिंतीला टेकून बसली आणि मांजर जसं उंदराच्या बिळाकडे बघतं तशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला.

आणि चावता चावता थांबला.

फार नाही, एक श्वास जाईल एवढाच. मग त्याने जयवंताबाईकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं पोर शिडीवरून पडताना दिसावं आणि आपला हात पोचू नये, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. बाईला ते तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं, सापडला!

तो पुढे जेवत राहिला. दोन भाकरी खाल्ल्या, भाजी दुसऱ्यांदा घेतली, ताट बोटाने पुसून स्वच्छ केलं. हात धुतले. सुपारीचं तबक पुढे आलं, पण त्याने सुपारी घेतली नाही.

जयवंताबाईला आता दम धरवेना. ती उभी राहिली. पदर खोचला. "भाऊ, एक सांगते. भाजीत मीठ होतं. भाकरीतही होतं."

"पह्यल्याच घासाले कळलं मले."

"मंग खाल्लं काऊन?"

"भरल्या ताटावरून कसा उठू, बाई? अन् घास तोंडात गेला तवाच खाल्लं. एक घास काय अन् दोन भाकरी काय."

"बरं झालं," जयवंताबाई म्हणाली. "आता तुमी माझं मीठ खाल्लं. आता माझ्या खोलीले हात लावून दाखवा."

सुधाकररावाने खिशावर हात ठेवला. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "तुमच्या घराच्या फायलीवर आता माझा दस्तखत चालत नाई. सोमवारी मीटिंग हाय. व्हाइस चेअरमन पाह्यतील." आणि चपला घालून, उन्हातून, नेहमीसारखा पायी निघून गेला.

खिशातला कागद खिशातच राहिला. नोटीस द्यायची हिंमत झाली नाही! जयवंताबाईने त्या दुपारी उरलेली सगळी भाजी एकटीने खाल्ली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपली. लेकीला फोन करून सांगितलं, "चेअरमनचा पाय सापडला मले. आता नाई तो चालत."

"म्हणजे काय केलंस तू, आई?" दामिनीने विचारलं.

"ते फोनवर सांगत नसतात," बाई म्हणाली. फोनवरही तिचा विश्वास नव्हता.

तीन दिवस ती ताठ मानेने वावरली. रविवारी दुपारी कौशल्याबाई कांदे चिरत बसली होती, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. मोठी लढाई जिंकली आणि कोणाला सांगितलीच नाही तर काय उपयोग? तिने सगळं सांगितलं. ढाबा, आधण, अंबाडी, पहिला घास. रंगवून, हसत हसत.

कौशल्याबाई हसली नाही. तिची सुरी थांबली.

"जयवंता, मले विचारलं काऊन नाई तू?"

"काय विचारायचं त्यात?"

"तो मीठ काऊन खात नाई, ते मले ठाऊक हाय. साऱ्या गावात मलेच ठाऊक हाय."

मग तिने सांगितलं. कौशल्याबाईचा नवरा बारा वर्षांपूर्वी, आषाढात, पुराच्या पाण्यात गेला हे जयवंताबाईला माहीत होतं, सगळ्या गावालाच माहीत होतं. लकव्याने खाटेवर पडलेला माणूस. पहाटे गल्लीत पाणी भरलं आणि एकट्या बाईला तो उचलवला नाही. पण पाणी गल्लीत का वळलं, हे गावाला माहीत नव्हतं. त्या वर्षी जुनी नाली बांधली गेली. ती सरळ जायची तर सुधाकररावाच्या मामाची भिंत पडत होती. ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, ते घर. मामीने त्याला जेवायला बोलावलं आणि ताटाशी रडली. तेव्हा तो वॉर्डाचा मेंबर होता. त्याने नाली कोपरासारखी वाकवून घेतली. भिंत वाचली. पहिल्याच मोठ्या पावसात त्या कोपरावर पाणी अडलं आणि मागच्या गल्लीत घुसलं.

"दहाव्याच्या दिवशी तो माझ्या दारात आला," कौशल्याबाई म्हणाली. "म्हणे, बाई, मामीच्या मिठाले मी जागलो अन् तुमचा माणूस नेला. पोलिसात द्यायचं त द्या. मी एकटी बाई काय पोलिसात देणार? मी त्याच्यासमोर दार लावून घेतलं. तवापासून तो गावातल्या कोण्या घरचं मीठ खात नाई. अन् चुकून खाल्लंच, त त्या घरच्या कागदाले हात लावत नाई. ना पाडाले, ना वाचवाले. सख्ख्या बहिणीच्या घराचाही कागद त्यानं असाच दुसऱ्याकडं देला."

"ना वाचवाले?" जयवंताबाईने विचारलं.

"ना वाचवाले."

खोलीत लसणाचा आणि कांद्याचा वास होता, आणि भिंतीवर ती लाल खूण होती. जयवंताबाईच्या डोळ्यांसमोर तो खिशातला कागद आला. पण स्वभाव कुठे जातो? ती म्हणाली, "गोष्ट चांगली रचली. तो वाचवणारच होता, हे कशावरून?"

सोमवारी सकाळी ती नगरपालिकेत जाऊन उभी राहिली. व्यंकटेश व्हरांड्यात भेटला. तिने सरळ विचारलं, "माझ्या घराचा नकाशा दाखव."

तो घुटमळला, इकडे तिकडे पाहिलं, मग कपाटातून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. नकाशावर लाल रेघ तिच्या खोलीतून जात होती. पण लाल रेघेच्या वर पेन्सिलने दुसरं काहीतरी काढलं होतं. नाली खोलीच्या खालून. वर उचलता येतील अशा फरश्या. खोली जशीच्या तशी, फक्त ओटा जाणार. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाणी अडत नाही, दोनदा तपासले. खाणावळ चालू राहील. बाईची संमती घेणे. खाली मंगळवारची तारीख. म्हणजे जेवणाच्या दोन दिवस आधीची.

"हे कोणाचं अक्षर?"

"चेअरमन सारचं, अम्मा. आठ दिवस माझ्या मागं लागून माप घेतले. दोनदा पाणी सोडून पाह्यलं. तुमच्या संमतीचा कागद घेऊनच ते गुरुवारी आले होते तुमच्याकडं." त्याने आवाज खाली आणला. "खास मंजुरी हाय ना ही, ठराव चेअरमननं, नाई त व्हाइस चेअरमननंच मांडावा लागते. आता ते मांडून नाई राह्यले. काऊन, ते सांगत नाई."

जयवंताबाईने त्या बारीक अक्षरावरून बोट फिरवलं. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते, पण तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागी होती. फक्त तिला आपल्याच हाताची, त्या चिमटीची, किळस आली.

व्यंकटेश गुंडाळी घेऊन सभेच्या खोलीत गेला आणि दार बंद झालं. बाहेर बाकावर सुधाकरराव एकटाच बसला होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. आत तिचाच विषय चालू होता. ती जाऊन त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसली.

"सांगतलं काऊन नाई?" ती म्हणाली. "तोंडानं बोलता आलं असतं. मीठ खाल्ल्यावरही बोलता आलं असतं."

"बोललो असतो त तुमी काय म्हटलं असतं?"

काय म्हटलं असतं ते दोघांनाही माहीत होतं.

"जा ना आत, भाऊ," ती म्हणाली. तिने आयुष्यात कोणाची विनवणी केली नव्हती, त्यामुळे ती तिला नीट करताही येईना. "पाया पडते. मीच घातलं मीठ, तुमी थोडीच मागतलं? पाप लागल त मले लागल. सव्वीस वर्षं झाली त्या खोलीले. तुमचा नेम माझ्या घराहून मोठा हाय का?"

सुधाकररावाने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मोठा नाई, बाई. कामाचाही नसल कदाचित. पण तुमच्यासाठी मोडला, त उद्या बहिणीसाठी मोडन, परवा मेहुण्यासाठी. प्रत्येकच येळी मले वाटन की हे खरं हाय. मामीच्या येळीही वाटलंच होतं." त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. "व्हाइस चेअरमनले मी नकाशा दाखवला. पाहून घ्या म्हटलं. याच्यापुढं माझी जीभ उचलत नाई."

दार उघडलं. व्यंकटेश बाहेर आला आणि त्याने नुसती मान हलवली. व्हाइस चेअरमनचं म्हणणं एकच होतं. एकाला फरश्या दिल्या की उद्या शंभर जण मागतील. लाल म्हणजे लाल.

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी मशीन आलं. गिऱ्हाइकांनी टेबलं आणि बाकं मागच्या पडवीत नेऊन दिली. दामिनी मावल्याहून आली, रडली, भांडली, "आता तरी चल" म्हणाली. जयवंताबाई रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. भिंत पडायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गावात लगेच बोलणं सुरू झालं. बघा, जयवंताबाईकडेही जेवला आणि खोली पाडली. अमरदीप तर मोठ्याने म्हणाला, "मी सांगत होतो, काकू. तो देवमाणूस नाई, डाकू हाय."

"तोंड बंद कर," जयवंताबाई म्हणाली. "तुले काही ठाऊक नाई. मलेही नव्हतं."

अमरदीप बघतच राहिला. बाईने कोणाची बाजू घेतलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

नालीचा खड्डा खणून झाला. त्या गुरुवारी दुपारी सुधाकरराव पुन्हा आला. निरोप न पाठवता. खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तो सांभाळून पलीकडे आला. कौशल्याबाई पडवीत कांदे चिरत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि काही न बोलता त्याला बसायला पोतं सरकवलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"काम झालं," तो म्हणाला. "आता तुमच्या दारी माझा कागद उरला नाई. मीठ घालून वाढता का?"

घरात भाजी होती ती अंबाडीचीच. जयवंताबाईने चुलीवर कढई ठेवली. फोडणी दिली. मिठाच्या भांड्यात हात घातला आणि तो तिथेच थबकला. सव्वीस वर्षांत जो हात एकदा चुकला नाही, त्याला आता किती घ्यायचं तेच कळेना. जास्त वाटलं म्हणून तिने थोडं परत टाकलं. मग आणखी थोडं टाकलं.

तिने ताट वाढलं. तो पहिला घास घेईपर्यंत ती समोर उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. पडवीत जेवणारी तीन-चार माणसं होती. ती सगळी ऐकत होती, आणि पुढे कित्येक दिवस गावात हीच गोष्ट सांगत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मीठ बरोबर हाय का?"

सुधाकररावाने घास गिळला. "थोडं कमी हाय, बाई."

जयवंताबाई आत गेली आणि मिठाचं भांडं घेऊन आली. ते तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि मीठ घालणं पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या तरी हातात सोपवून ती बाजूला बसली.